धुराड्याचा मालक

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव, मग तुला मानते!

आमच्या डोंगरावर थंडी अशी की पातेल्यातलं तेल गोठतं. सरपंच बयाजीरावांनी माझ्या शेजारी नवा बंगला बांधला अन् ऊब कशानं आणायची, ते गावभर विचारत सुटले. कुणी शेगडी म्हणालं, कुणी विजेचा हीटर. त्यांना मात्र गोऱ्या साहेबासारखी भिंतीतली चूल हवी, वर उंच धुराडं! ते बांधलं, अन् लाकडासाठी नजर पडली माझ्या जांभळीवर.

पंचांसमोर म्हणाले, "आक्के, जांभळीची सावली माझ्या अंगणात पडते. ज्याच्या अंगणात सावली, त्याचं झाड. उद्या तोडणार!"

पंचांनी माना डोलावल्या.

मी म्हटलं, "बरं. पण आधी चूल पेटवून दाखवा की, कशी असते ती!"

फुशारकीनं पेटवली. वाऱ्यानं सगळा धूर माझ्या अंगणात.

"ज्याच्या अंगणात धूर, त्याची चूल!" म्हणत मी त्यांच्या बंगल्यात जाऊन पाय शेकत बसले. "सरका सरपंच, भाकऱ्या थापायच्यात."

शेवटी त्यांनी हीटर घेतला. वीज गेली की गोधडीत बसतात.

जा आता! जास्त वेळ सावलीत बसलास, तर जांभळ आपलीच म्हणशील.