दर्याजीने निवडलेली बोट

आगबोटींचा जमाना होता तेव्हाची गोष्ट. एका बंदरात दर्याजी नावाचा म्हातारा उंदीर राहायचा. त्याने इतक्या बोटी पालथ्या घातल्या होत्या की दर्यापार निघालेला प्रत्येक उंदीर आधी त्याचा सल्ला घ्यायचा.

गोदामात भरतीचं पाणी शिरलं, तेव्हा शेवंता उंदरीण पिल्लं घेऊन त्याच्याकडे आली. "मामा, लेकरांसाठी एखादी चांगली बोट बघा ना."

दर्याजीच्या पसंतीला काही उतरेना. "हिच्या खोल्या कोंदट. तिच्या पिठाला रॉकेलचा वास. त्या पलीकडच्या बोटीवर पाव झकास मिळतो, पण नोकर मेले झाडू घेऊन मागे लागतात." शेवटी एका पांढऱ्या बोटीवर तो हरखून गेला. "अगं, रिकाम्या खोल्याच खोल्या! कोठीत तांदूळ सांडलाय, तो भरायलाही कोणी नाही. ना मांजर, ना सापळा. अशी बडदास्त जन्मात पाहिली नाही मी! चला, मीही येतो."

पिल्लं गाद्यांवर नाचत राहिली. मग एका सकाळी किनारा दिसला, पण बोटीचा वेग कमी होईना. ती सरळ चिखलात जाऊन रुतली. दोन्ही बाजूंना अर्ध्या तोडलेल्या बोटी उभ्या होत्या. माणसं घण घेऊन चालत येत होती आणि वर घारी घिरट्या घालत होत्या.

शेवंताने पिल्लांना पोटाशी ओढलं. "मामा, बोट कुठे चाललीय ते विचारलं होतंत ना?"

पहिला घण बसला, तशी सगळी बोट थरथरली.

"खोल्या मात्र छान होत्या गं," दर्याजी पुटपुटला.