चित्रात काय राहिलं?

निवासी शाळेतल्या राखीव जागेसाठी तांड्यावरची शेवंती राठोड बुद्धिचाचणीला बसली होती. मुलांची अक्कल मोजण्यात हयात घालवलेल्या निमकर साहेबांनी तिच्यापुढे एका घराचं चित्र सरकवलं.

"यात काय काढायचं राहिलंय?"

"माणसं," शेवंती म्हणाली.

"चूक. दाराला बेल नाही. एवढंही कळत नाही, आणि म्हणे राखीव जागा हवी."

शेवंती अजून चित्राकडेच बघत होती. "साहेब, आई-बा ऊस तोडायला गेले की आमचं घर असंच दिसतं. बेल वाजवली, तरी दार उघडायला आतून कोण येणार?"

साहेबांनी तिच्या उत्तरापुढे बरोबरची खूण केली. त्यांच्या दाराला बेल होती. पण बायको वारल्यापासून घरी पोचल्यावर ते खिशातली किल्लीच काढायचे.