मागावर गेलेली थावरी

सातपुड्यात अजून मोटारीचा रस्ता चढला नव्हता आणि रान इतकं दाट होतं की भर उन्हाळ्यातही ओढ्याकाठी गारवा लागायचा, त्या काळातली ही गोष्ट. सालईबारी नावाच्या गावात थावरी नावाची बाई राहायची. तिरकमठा चालवणारे गावात पुष्कळ होते. कुणाचा नेम चांगला, तर कुणाचा त्याहून चांगला. पण बाण लागून पळालेलं जनावर शोधून काढावं ते एकट्या थावरीनंच. कातळावरून मुंगी गेली तरी तिला माग दिसायचा, असं म्हणतात.

ती काही जन्मापासून अशी नव्हती. तिचा नवरा दित्या मध काढायला डोंगरात गेला आणि परतला नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. गावानं एक दिवस रान पालथं घातलं, हाका मारल्या आणि सगळे घरी आले. "रानानं नेला," म्हणाले. थावरीला काही ते पटलं नाही. ती रोज एकटी जायची. वाकलेलं गवत बघायची, उलटलेलं पान बघायची. बघता बघता तिची नजर तयार झाली, आणि एके दिवशी दित्या तिला सापडला. एका घळीत, कातळाच्या आडोशाला. पाय मोडलेला होता. वरून पडला तिथं तो नव्हता, तिथून सरपटत सरपटत पाण्याच्या दिशेनं बराच आलेला होता. म्हणजे गाव घरी परतलं तेव्हा तो जिवंत होता.

थावरी रडली की नाही, कुणाला ठाऊक नाही. पण त्यानंतर रानात जखमी होऊन पडलेलं काहीही तिला सहन होईना. कुणी शिकारीहून आला की ती दारातूनच विचारायची, "बाण लागून कुठलं जनावर सोडून नाही ना आलास?" सोडलेलं असलं तर ती उठायची आणि निघायची.

हळूहळू लोकच तिच्याकडे येऊ लागले. "थावरीकाकी, भेकराला बाण लागला, पण गेलं बघ." ती आधी त्याला बसवायची. पाणी द्यायची. मग विचारायची, बाण लागल्यावर जनावरानं उडी मारली की पाठ वाकवली? शेपूट खाली घातली का? मग बाण हातात घ्यायची. रक्त लाल आणि फेसाळ असलं तर छातीत लागलाय, जनावर जवळच पडलेलं असणार. काळपट असलं तर यकृतात लागलाय, थोडा वेळ थांबायचं. आणि बाणाला हिरवट घाण नि आंबूस वास असला, तर तिचा चेहरा उतरायचा. पोटात लागलेलं जनावर लवकर मरत नाही. त्याच्या मागं लगेच धावलं तर ते धावतच राहतं, डोंगरामागून डोंगर ओलांडतं आणि कुठं तरी एकटं तडफडत मरतं. त्याला बसू द्यायचं. बसलं की ते उठत नाही. ती मागावरून कधी चालायची नाही, मागाच्या बाजूनं चालायची. रक्ताचा शेवटचा ठिपका दिसेल तिथं दगड ठेवायची आणि मगच पुढचा ठिपका शोधायची.

त्या वेळी गावच्या कारभाऱ्याचा मुलगा वेस्ता ऐन जवानीत होता. छाती रुंद, नेम पक्का आणि डोकं गरम. आपला बाण लागला म्हणजे जनावर आपल्याच दारात येऊन पडायला हवं, असं त्याला वाटायचं. एका सकाळी त्यानं ओढ्यावर पाणी पिणाऱ्या मोठ्या सांबरावर बाण सोडला. सांबरानं पाठ वाकवली आणि ते झाडीत घुसलं. थावरी तिथंच वरच्या अंगाला लाकडं गोळा करत होती. ती खाली आली. आरपार गेलेला बाण गवतात पडला होता. तिनं तो उचलला, नाकाशी धरला आणि म्हणाली, "पोटात लागलाय रे. आता जाऊ नकोस. उन्हं कलू दे, मग दोघं जाऊ."

वेस्ता हसला. "काकी, मी मारलेल्या सांबरामागं जायला मला तुझं विचारावं लागेल काय?"

"मला नको विचारू. पण त्याला जरा निवांत मरू दे."

त्यानं बाण तिच्या हातातून हिसकावून घेतला आणि तो झाडीत शिरला. थावरी त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली. मग लाकडं डोक्यावर घेऊन घरी आली. त्या दिवशी तिला घास गेला नाही, असं म्हणतात.

दुपार उलटली तरी वेस्ता आला नाही. आभाळ भरून आलं. हंगाम नसताना डोंगरावर काळे ढग जमले. कारभारी म्हणाला, "तरणाबांड गडी आहे. येईल." पण वेस्ताची आई रुमली उठली आणि थावरीच्या झोपडीपाशी आली. दारातच उभी राहिली. दित्याला शोधायचं सोडून परतलेल्यांत रुमलीचा नवराच पुढं होता.

थावरीनं तिच्याकडे बघितलं. कोपऱ्यातला तुंबा पाण्यानं भरून खांद्याला लावला आणि म्हणाली, "चल बाय."

मागोमाग गावातले गडीही निघाले. सांबराचं रक्त झुडपांच्या पानांना लागलेलं होतं, कमरेइतक्या उंचीवर. थावरी भराभर चालत होती. एका खिंडीत पोचल्यावर ती थबकली. तिथली माती उकरलेली होती, कारवीची झुडपं मोडून पडली होती आणि एका काट्याला वेस्ताच्या मुंडाशाची चिंधी लटकत होती.

"सांबर फिरलंय त्याच्यावर," ती म्हणाली. "शिंग मांडीत घुसलंय."

रुमलीनं ती चिंधी काट्यावरून सोडवून घेतली.

तिथून पुढं दोन रक्तं होती. एक झुडपांच्या पानांवर, एक जमिनीवर, माणसाच्या टाचेच्या ठशात साचलेलं. थोडं अंतर ती दोन्ही सोबत गेली आणि मग फुटली. सांबर खाली दरीत उतरलं होतं. वेस्ता वर कड्याकडे गेला होता. गाव खालच्या अंगाला असताना तो वर गेला, म्हणजे त्याला भान राहिलं नव्हतं.

थावरी तिथं उभी राहिली. ढग गडगडत होते. एकदा पाऊस पडला की दोन्ही माग धुऊन जाणार. आणि दरीत कुठं तरी ते सांबर पाय दुमडून बसलेलं असणार, श्वास मोजत. तिनं सांबराच्या शेवटच्या ठिपक्यावर दगड ठेवला. जणू त्याला सांगून जावं तशी. मग कड्याकडे वळली.

वेस्ता अगदी कड्याच्या काठाशी सापडला. पाय ओढत पुढंच सरकत होता आणि पुटपुटत होता, "इथंच गेलंय, इथंच." आणखी थोडं पुढं गेला असता तर खालीच गेला असता. थावरीनं त्याला मागून कवेत धरलं आणि खाली बसवलं. झाडपाला ठेचून जखमेत दाबला, लुगड्याची किनार फाडून घट्ट बांधली, तुंब्यातलं पाणी त्याच्या ओठांना लावलं. गड्यांनी बांबू तोडून झोळी केली.

झोळीत पडल्यावर वेस्तानं डोळे उघडले. "काकी... ते सांबर."

"मी जाते त्याच्याकडे."

रुमलीनं तिचा हात धरला. "थावरी, पाऊस येतोय. अंधार पडेल. एका जनावरासाठी कशाला जीव घालवतेस?"

थावरी म्हणाली, "दित्यासाठीही असंच म्हणाले होते गं सगळे."

रुमलीनं हात सोडला. त्यानंतर गावातल्या कुणी थावरीला पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी असा पाऊस झाला की ओढे दुथडी वाहू लागले. सकाळी वेस्ता तापात एकच विचारत होता, काकी आली का. मग सगळं गाव निघालं, आणि पुढं रुमली होती. त्यांना वाटलं होतं, माग काही उरला नसणार. पण दगड ठेवला होता तिथं पोचले आणि सगळे जागच्या जागी थांबले. सगळं रान ओलं होतं, झाडं निथळत होती. फक्त सांबर ज्या वाटेनं गेलं होतं तेवढी चिंचोळी पट्टी कोरडी होती. दरीपर्यंत, वळणावळणानं. पानांवरचं रक्त जसंच्या तसं होतं. पाऊस त्या मागावर पडलाच नाही, असं म्हणतात.

लोक त्या मागाच्या बाजूबाजूनं चालत गेले. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण कुणीही मागावर पाय ठेवला नाही.

दरीत एका जुन्या अंजनाच्या झाडाखाली सांबर पडलं होतं. मेलेलं होतं, पण तडफडल्याची एकही खूण नव्हती. पाय नीट दुमडलेले. मानेखाली थावरीच्या लुगड्याचा तुकडा उशीसारखा घातलेला, आणि तोंडाशी पळसाच्या पानाचा द्रोण. द्रोणाच्या तळाशी अजून थोडं पाणी होतं.

थावरी नव्हती. झाडापासून तिची पावलं निघाली होती, ओल्या मातीत स्वच्छ उमटलेली. आणि तिच्या पावलांच्या शेजारून सांबराच्या खुरांचे ठसे चालले होते. मेलेलं सांबर तर समोर होतं. तरी ते ठसे होते, सावकाश चालीचे, कुठं पाय ओढल्याची खूण नाही, रक्ताचा थेंब नाही. दोघं बोलत बोलत निघाल्यासारखी ती पावलं वरच्या कातळापर्यंत गेली होती आणि तिथं संपली होती. गावानं हाका मारल्या. या वेळी मात्र गाव लवकर घरी परतलं नाही. किती तरी दिवस रोज कुणी ना कुणी जात राहिलं.

सांबराचं मांस कुणी घेतलं नाही. त्याला अंजनाखालीच पुरलं. वेस्ता बरा झाला, पण जन्मभर लंगडत चालला. त्यानं पुन्हा बाण सोडला नाही. कुणाचं जनावर पळालं, कुणाचं माणूस चुकलं, की काठी घेऊन सगळ्यांच्या आधी निघायचा. रानात वाट चुकलेल्यांनी परत आल्यावर सांगितलं आहे, की पाय थकले, जीव घाबरा झाला, तेव्हा एका बाईचा आवाज ऐकू आला, "बस जरा. घाई करू नकोस." आणि बसल्यावर समोर वाट दिसली.

आता शिकारी बंद झाल्या. तिरकमठे लग्नात नि होळीत तेवढे बाहेर निघतात. पण होळी झाली, ओढे आटले, की सालईबारीच्या बाया अजूनही घागरी घेऊन त्या अंजनापाशी जातात. बाप्येही घागरी उचलतात, आणि पहिली घागर वेस्ताच्या घरातली असते. झाडाखालच्या कातळात एक खोलगट जागा आहे, ती काठोकाठ भरतात. पाऊस लागेपर्यंत ती आटू देत नाहीत. वनखात्यात नवीन आलेला एक साहेब एकदा घागर घेऊन चाललेल्या एका म्हातारीला म्हणाला, "आजी, गावात पाण्याची एवढी टंचाई आणि तुम्ही डोंगरात नेऊन ओतता?"

म्हातारी म्हणाली, "आम्ही कुणाकडे मागून पिऊ शकतो, साहेब. रानातल्या मुक्या जिवाला कुठं मागता येतं?"

साहेबानंही एक घागर उचलली. पाणी ओतून झालं की तिथं कुणी रेंगाळत नाही, मोठ्यानं बोलत नाही. सगळे मागं वळून न बघता खाली उतरतात. कुणी बघत असलं तर पाण्यावर येणारं येत नाही, असं म्हणतात.