पदरावरचा मोर

इचलकरंजीचे माग-कारखानदार धनपालशेठ मोठे तोऱ्याचे. कुठला धागा कधी उचलायचा हे मागाला सांगणारा प्रोग्राम पद्मजा चौगुले एकटीच लिहिते, हे ऐकून ते हसले.

"ताई, शेजारच्या मागावर बड्या कंपनीचा प्रोग्राम आहे. कधीच थांबणार नाही, अशी लेखी हमी दिलीय त्यांनी. तुम्ही देता?"

शेठच्या कारखान्यात एका मागावर पद्मजाचा प्रोग्राम चालू होता, शेजारी कंपनीचा; दोन्ही मागांवर मोराचा पदर विणला जात होता. पद्मजाने सरळ मेन स्विच खाली ओढला. दोन्ही माग थांबले. तिने स्विच पुन्हा वर केला. तिच्या मागाने सुटलेलाच धागा धरून मोर पुरा केला. शेजारच्याने पहिल्यापासून सुरुवात केली आणि अर्ध्या मोराच्या मानेतून दुसऱ्या मोराचे पाय उगवले!

"शेठ, त्यांची हमी कागदावर," पद्मजा म्हणाली, "माझी कापडावर."