बांधात रुतलेला नगारा

खूप खूप वर्षांपूर्वी, डोंगरांना अजून नावे पडायची होती तेव्हा, एक राज्य होते. राज्य लहानसे, पण नीटनेटके. मधोमध राजधानी आणि तिच्याभोवती बारा गावे. राजाच्या आजोबांनी प्रत्येक गावाला एकेक मोठा तांब्याचा नगारा दिला होता. दिवस उगवला की गावोगावचे नगारे एकामागून एक वाजत. राजा गच्चीवर उभा राहून ऐके. बारावा नगारा वाजला की म्हणे, "सगळे आपले आहेत," आणि मगच न्याहारीला बसे.

या राजाला लांबलचक बोलणे सोसत नसे. गावांकडून येणारी पत्रे वाचायचा त्याला कंटाळा. म्हणून त्याने एक रीत घालून दिली होती. पत्रे चिटणिसाने वाचावीत आणि रोजनाम्यात त्या गावापुढे एकच शब्द लिहावा. सुगी. साथ. जत्रा. टोळधाड. तो शब्द ऐकून राजा हुकूम सोडी. साथ असेल तर वैद्य निघत, टोळधाड असेल तर धूर करायला माणसे निघत.

एका शब्दापुढचा हुकूम मात्र आजोबांच्या काळापासून लिहून ठेवलेला होता. तो शब्द होता 'बंड'. तो लिहिला गेला की सैन्याने जायचे, घरांवरची कौले उतरवायची आणि माणसांना सरहद्दीपार घालवायचे. कोणाला काही विचारायचे नाही. आणि ज्याने तो शब्द लिहिला त्याने सैन्याबरोबर जाऊन, सगळे डोळ्यांनी पाहून, शब्दाखाली 'झाले' असे लिहायचे. 'झाले' लिहिले की ते गाव राज्याचे उरत नसे.

बावीस वर्षे चिटणिसी करणाऱ्या त्या गृहस्थाने हा शब्द कधी लिहिला नव्हता. माणूस सरळ होता. बोरू स्वतः तासायचा, शाई स्वतः घोटायचा. त्याला एकाच गोष्टीचा अभिमान होता. पत्राची पहिली ओळ वाचली की पुढे कोणता शब्द लिहायचा ते त्याला कळत असे. उरलेले पत्र तो जसे आले तसे घडी करून दप्तरात ठेवी.

त्याची बायको लवकर गेली होती. एकच मुलगी. तिला त्याने मांडीवर बसवून अक्षरे गिरवायला शिकवली होती. आता ती तळ्याकाठच्या गावात, बाराव्या नगाऱ्याच्या गावात, नांदत होती. ते तळे राजधानीच्या वरच्या अंगाला होते. मातीचा लांबच लांब बांध घालून अडवलेले. बांधाच्या टोकाशी, उंचवट्यावर ते गाव, आणि खाली उतारावर राजधानीच्या पेठा. लेक तिथे दिल्यापासून चिटणीस त्या गावाच्या बाबतीत जरा जास्तच कडक झाला होता. तिकडे 'सुगी' लिहायची वेळ आली तरी तो दोनदा विचार करी. आपला कल लेकीकडे आहे असे कोणी म्हणू नये, एवढेच त्याच्या मनात असे.

एके दिवशी सकाळी अकरा नगारे वाजले. राजा कान देऊन उभा राहिला. ऊन गच्चीच्या कठड्यावर चढले. बारावा वाजला नाही.

एवढ्यात चौकीवरच्या शिपायाने तळ्याकाठच्या गावाचे पत्र आणून दिले. चिटणिसाने घडी उघडली. अक्षर लेकीचे होते. पहिली ओळ अशी होती: "आमच्या गावचा नगारा आज वाजणार नाही, आम्ही तो दुसऱ्या कामाला लावला आहे."

त्याचे डोळे खालच्या ओळीकडे वळले आणि त्याने ते हिसका दिल्यासारखे मागे घेतले. दुसऱ्या कोणाचे पत्र असते तर मी पहिल्या ओळीवर थांबलो असतो, असे त्याने स्वतःला बजावले. मग लेकीच्याच पत्राला जास्त ओळी का? समोर राजा उभा होता. चिटणिसाने पत्राची घडी केली आणि सुरेख वळणात रोजनाम्यात शब्द लिहिला.

'बंड.'

राजाने वाचले आणि सेनापतीकडे पाहिले. झेंडे निघाले. शब्द लिहिणारा म्हणून चिटणीसही एका शांत घोड्यावर बसून निघाला. काखेत रोजनामा, पिशवीत दौत. वाटभर तो मनाशी म्हणत होता की लेकीला आपल्या घरी आणता येईल, गाव गेले तरी लेक राहील.

गावात शिरले तेव्हा घरे उघडी होती. चुलींवर भात अर्धा शिजून थांबलेला. माणूस एक नाही. सेनापती म्हणाला, पळाले. मग कोणीतरी बांधाकडे बोट दाखवले.

बांधावर सारे गाव होते. तरण्यांपासून पांढऱ्या केसांपर्यंत, कमरेला पदर खोचलेल्या बाया, एक लंगडा गुरव, कडेवर पोर घेतलेली आई. एका हातातून दुसऱ्या हातात मातीच्या पाट्या सरकत होत्या. कोणी बोलत नव्हते. सैन्य पाहून ओळ क्षणभर थबकली आणि पुन्हा सरकू लागली.

ओळीच्या शेवटी गावची म्हातारी पाटलीण छातीभर पाण्यात उभी होती. तिच्या पाठीशी बांधाच्या कुशीत नगारा रुतलेला होता. चामडे काढून टाकलेले, पोटात ठासून चिखल भरलेला, फक्त काठ आणि दोन पितळी कड्या पाण्याबाहेर. घुशींनी बांध आतून पोखरला होता. पहाटे पाणी पलीकडून कारंज्यासारखे उडू लागले, तेव्हा भोक बुजवायला एवढी मोठी, एवढी गोल दुसरी वस्तू गावात नव्हती.

"या," पाटलीण सेनापतीला म्हणाली. "एवढे दांडगे लोक आणलेत, तर भाले ठेवा आणि चार चार पाट्या टाका. आमचे हात गळाले आता."

सेनापती नगाऱ्याकडे बघत राहिला. त्याच्या आजोबांनीही त्या नगाऱ्याला मुजरे केले होते. राजाने दिलेली वस्तू चिखलात, तिच्या अंगावरचे चामडे ओरबाडलेले. त्याला यापेक्षा मोठा पुरावा नको होता. त्याने दोरखंड मागवले.

"सायंकाळपर्यंत थांबा," पाटलीण म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "मागून माती दाबून झाली की मीच धुऊन देते. मग काय घालवायचं ते घालवा आम्हाला. आत्ता त्याला हात लावू नका."

"हुकमात थांबणं लिहिलेलं नाही," सेनापती म्हणाला.

चिटणीस घोड्यावरून उतरला होता. ओळीतल्या एका बाईने डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. केसांत, भुवयांत चिखल. त्याने तिला आवाजावरून ओळखले.

"आबा, शब्द कोणी लिहिला?"

त्याने काखेतला रोजनामा आणखी घट्ट धरला.

"मी सगळं लिहिलं होतं. घूस, भोक, पाणी किती चढलंय, सगळं. तुम्हाला माझं अक्षर ओळखता आलं नाही का?"

"ओळखलं," चिटणीस म्हणाला. "म्हणूनच पुढं वाचलं नाही."

लेक त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. समजेनासे झालेल्या माणसाचा चेहरा होता तो. चिटणिसाला थांबा म्हणून ओरडायचे होते. पण हुकूम बजावताना चिटणिसाने बोलायचे नसते, फक्त पाहायचे आणि लिहायचे असते. ती बावीस वर्षांची सवय होती. ती मोडेपर्यंत दोर कड्यांतून ओवले गेले होते आणि चार बैल जुंपले होते. पाटलीण नगाऱ्याला पाठ लावून उभीच राहिली. दोघे शिपाई तिला ओढायला पाण्यात उतरले. बैलांनी मान खाली घातली.

"थांबा," चिटणीस म्हणाला. त्याचा आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला नाही. नगारा निघताना एक आवाज झाला, सगळा बांध दम घेतो आहे असा. मग पाटलीण नव्हती. ते दोघे शिपाई नव्हते. बांधाचा वावभर, पसरलेल्या दोन हातांएवढा, तुकडा नव्हता. आणि जिथे तो तुकडा होता तिथून तळे खाली चालले होते, पेठांकडे.

सारे गाव आणि सारे सैन्य एकमेकांच्या शेजारी उभे राहून बघत राहिले. खाली एकेक गल्ली पाण्यात दिसेनाशी होत गेली. चिटणिसाला स्वतःच्या घराचे कौलारू छप्पर ओळखू आले. मग ते हलले. मग ते ओळखू येईना. नगारा काठावर कलंडून पडला होता आणि त्याच्या पोटातला चिखल हळूहळू बाहेर येत होता.

तिसऱ्या दिवशी दरबार भरला. पाणी ओसरले होते, पण दरबाराच्या पायऱ्यांवर गाळ तसाच होता. राजाचे डोळे खोल गेले होते. तीन पेठा वाहून गेल्या होत्या. कोणाची तरी चूक असायला हवी होती, आणि रोजनाम्यात ती आधीच लिहिलेली होती. तळ्याकाठचे लोक चौकात बसवले होते. पुरातून वाचलेले पेठांतले लोक त्यांच्याकडे मारायला धावावे तसे बघत होते. या गावानेच बांध फोडला, असे त्यांना सांगितले गेले होते.

राजाने चिटणिसाला जवळ बोलावले. "शब्द लिहिलेला आहे. खाली 'झाले' लिही, म्हणजे यांना घालवता येईल."

चिटणिसाने रोजनामा उघडला. मग दप्तरातून पत्र काढले, घडी उलगडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचू लागला. नगाऱ्याची ओळ त्याने वाचली. पुढची ओळ वाचली, ती घुशींच्या बिळाची होती. त्यापुढे पाणी किती हात चढले ते होते. त्यापुढे लिहिले होते, "खालच्या पेठांतल्या लोकांनी आजचा दिवस उंचावर जाऊन बसावे." शेवटची ओळ त्याला पटकन वाचता आली नाही. ती अशी होती: "पन्नास माणसे पाठवावीत, आम्ही सायंकाळपर्यंत धरून ठेवतो."

पेठांतल्या एका म्हाताऱ्याने उंचावर जाऊन बसण्याची ती ओळ पुन्हा एकदा वाचायला सांगितली. चिटणिसाने वाचली. म्हातारा जाऊन तळ्याकाठच्या लोकांशेजारी बसला.

"मी तुला एक शब्द लिहायला सांगितला आहे," राजा म्हणाला.

"महाराज, मी 'झाले' लिहिणार नाही. आणि लिहिलेला शब्द खोडणार आहे."

"माझ्यासमोर, माझा हुकूम मोडून? याला काय म्हणतात ते तुला माहीत आहे?"

"आजवर माहीत नव्हतं," चिटणीस म्हणाला. "त्या लोकांना तुमच्याविरुद्ध काही करायचंच नव्हतं. ते तुमच्या पेठा पाठीवर धरून उभे होते. मी ती ओळ वाचली नाही आणि त्यांना तो शब्द चिकटवला. आज मला हुकूम माहीत आहे, शिक्षा माहीत आहे, आणि तुमच्या तोंडावर मी नाही म्हणतो आहे. महाराज, बंड हे आहे."

त्याने बोरू दौतीत बुडवला, तळ्याकाठच्या गावापुढचा शब्द आडवी रेघ मारून खोडला आणि त्याखाली तोच शब्द पुन्हा लिहिला. या वेळी स्वतःच्या नावापुढे.

राजाने सेनापतीकडे पाहिले. सेनापतीने डोक्यावरचे पागोटे काढून हातात धरले. "बैल मी जुंपले," तो म्हणाला. "पाटलीण थांबा म्हणत होती."

राजा उठला आणि त्याच गच्चीवर जाऊन उभा राहिला. तिथून गाळ दिसत होता, दुसरे काही दिसत नव्हते. परत आला तेव्हा त्याने तळ्याकाठच्या लोकांना घरी जायला सांगितले. दुसऱ्या दिवसापासून तो पत्रे स्वतः वाचू लागला, शेवटच्या ओळीपर्यंत. पण आजोबांचा हुकूम त्याला मोडता आला नाही, किंवा त्याने मोडला नाही. चिटणिसाच्या घरावरची कौले उतरवायला घरच उरले नव्हते. त्याला फक्त सरहद्दीपार घालवले.

सरहद्द तळ्याच्या पलीकडच्या काठाला होती. चिटणिसाने तिथे झोपडी घातली. समोर बांध दिसे. गाव त्याला पुन्हा माती घालत होते, आणि आता पेठांतले लोकही पाट्या घेऊन येत होते. चिटणीस आपल्या काठावरून दगड गोळा करी आणि तळ्यात उरलेल्या पाण्यावरून तराफ्यावर घालून तिकडे ढकलून देई. कोणाचे दगड ते सगळ्यांना माहीत होते. लेक ते उतरवून घेई, पण त्याच्याकडे वर बघत नसे.

वर्ष उलटले. एके सकाळी बारावा नगारा वाजला. पोचे आलेला, नवे चामडे चढवलेला, आवाज जरा फुटका. त्याच दिवशी रिकामा तराफा परत आला, त्यावर दगडाखाली दाबून ठेवलेली एक चिठ्ठी होती.

चिटणिसाने चिठ्ठी उघडली. अक्षर लेकीचे होते. पहिली ओळ एवढीच: "बांध पुरा झाला." त्याने दुसरी वाचली, तिसरी वाचली, शेवटची वाचली. मग कागद उलटून मागे काही लिहिले आहे का तेही पाहिले.

गोष्ट इथे संपली, बोध तेवढा मनात ठेवावा: माणसे गप्प का झाली हे विचारून, त्यांचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतल्याशिवाय, त्यांच्या गप्प राहण्याला बंड म्हणू नये.