राजघराण्यातलं भुंकणं

भिंगरगडच्या राजाला आपल्या रक्ताचा भारी गर्व. राजपुत्र जन्मताच त्याने हुकूम काढला, "याच्याशी कुणी बोलायचं नाही, याला काही शिकवायचं नाही. आमच्यात अक्कल रक्तातूनच येते!" बिचाऱ्या पोराला सोबत उरली ती कुत्र्याची.

तीन वर्षांनी भर दरबारात राजपुत्र शेजारच्या राज्याच्या वकिलावर भुंकला.

"हे कोणी शिकवलं? मान उडवा त्याची!" राजा गरजला.

राजाची म्हातारी आत्या म्हणाली, "कोणीच नाही रे. रक्तातूनच आलंय. आता तुझे आजोबा भुंकायचे की पणजोबा, तेवढं या पाहुण्यांना सांगून टाक."

"छे छे! ही कुत्र्याची संगत!" राजा घाईघाईने म्हणाला.

"मग आता तुझी दे," म्हणत आत्याने राजपुत्राला त्याच्या मांडीवर बसवलं.

राजपुत्राने बापाला आधी हुंगून पाहिलं.