सावलीतलं पीस

एका मुलखात जीव फार होते आणि सावली थोडी होती. झाडं मोजकीच, तीही लांब लांब, आणि ऊन असं की दुपारी दगडालासुद्धा बाजूला सरकावंसं वाटावं. म्हणून तिथल्या जनावरांनी एक रीत पाडून घेतली होती. जो आधी आला तो बसला, सावली सरकली की तोही सरकला, आणि दम खाऊन झाला की दुसऱ्याला जागा देऊन उठला. कुरबुरी व्हायच्या, पण चालायचं.

राखणीला कुत्रे होते. फार मागं एका कुत्र्यानं लांडग्याला पार नदीपल्याड हाकललं, आणि धापा टाकत माघारी आला तर टेकायला कुठंच सावली नव्हती. तो उन्हातच पडला तो उठला नाही. मुलखाच्या मनाला ते फार लागलं. मग जनावरांनी आपणहून ठरवलं की प्रत्येक राखणदाराला एक मोरपीस द्यायचं. धाव घ्यायची वेळ आली की त्यानं ते सावलीत रोवून जावं. पीस उभं आहे तोवर ती जागा त्याची. मोरांनी पिसं आनंदानं दिली. देताना कुणाचा हात आखडला नाही, हेही सांगायलाच हवं.

पुढं लांडगे येईनासे झाले आणि पिसं तेवढी राहिली; सगळी सारखीच, कुठलं कुणाचं ते ओळखू येत नसे. कुणी आपल्या दारापुढं पीस रोवलं, कुणी उकिरड्याकडेला, जिथं हाडकं पडत. एकानं तर सासऱ्याला देऊन टाकलं, आणि तो सासरा उभ्या जन्मात कधी कुणावर भुंकला नव्हता.

कबऱ्या काही वाईट कुत्रा नव्हता. वयानं उतरलेला, मानेवर लांडग्याच्या दाताचा वण असलेला. त्याच्या आळीत एकच कडुलिंब होता आणि त्याखाली त्याचं पीस उभं असे. तो स्वतः तिथं बसतही नसे. त्याला आपल्या उंबऱ्यातली गार माती पुरे. पण बायकोचा भाऊ अधूनमधून येई. बायको म्हणे, "माझा भाऊ आला तर त्याला काय उन्हात उभा करू? जन्मभर राखण केलीत, त्यातलं एवढं तरी आमच्या वाट्याला येऊ द्या." मेहुणा महिना महिना फिरकत नसे, तरी पीस तिथंच. रोज काढायचं आणि रोज रोवायचं, याचा कबऱ्याला कंटाळा येई.

त्या उन्हाळ्यात आळीतली भिवरी नावाची मेंढी जुळी व्याली. कोकरं अजून पायावर धड उभी राहत नव्हती, त्यांना घेऊन नदीकाठच्या झाडापर्यंत जाणं काही होईना. आणि कडुलिंबाची भरदुपारची सावली ती केवढी! बुंध्याशी एक कुटुंब बसेल इतकीच, आणि तिच्या मधोमध पीस. भिवरी कुत्र्यांच्या नाईकाकडं गेली. पीस आहे पण कुत्रा नाही, कधीच नसतो, एवढंच ती म्हणाली, आणि तेही मान खाली घालून.

नाईकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तक्रार आली म्हणजे चौकशी व्हायलाच हवी, असं तो म्हणाला, आणि ती कबऱ्यावर सोपवली, कारण आळी त्याची.

पीस माझंच आहे, हे शब्द कबऱ्याच्या जिभेवर आले होते. पण भोवती बाकीचे कुत्रे बसले होते आणि जो तो आपापल्या पंज्याकडं बघत होता. एका पिसाचा धनी सापडला की सगळ्याच पिसांचे धनी शोधावे लागतील, हे कबऱ्यालाही कळत होतं. त्यानं होकाराची मान हलवली.

तो चौकशीला गेला तो उन्हं कलल्यावर. तोवर कडुलिंबाची सावली आळीच्या टोकापर्यंत पसरली होती. गाढवं पाय ताणून पडली होती, कोंबड्या मातीत लोळत होत्या, आणि पीस बिचारं एका कडेला उन्हात उभं होतं. त्यानं भिवरीला विचारलं, "अडचण कुठं दिसत नाही, बाई?"

"आत्ता नाही, दादा. दुपारी असते."

"दुपारी मला पहारा असतो," कबऱ्या म्हणाला. दुपारी तो उंबऱ्यात पडलेला असे. त्यानं नाईकाला जाऊन सांगितलं की जागाच जागा आहे, डोळ्यांनी बघितली. त्यावर कोण काय बोलणार?

पुढं एका दुपारी हवा अगदी पडली होती. कबऱ्या उंबऱ्यात जागा होता. त्यानं भिवरीला सावलीच्या कडेशी येताना पाहिलं. एक कोकरू तिच्या अंगाला टेकून होतं, दुसऱ्याला ती तोंडानं ढकलत होती. तिनं पिसाकडं पाहिलं, मग कुणाला विचारता येईल म्हणून आळीभर पाहिलं. नुसती हाक मारली असती तरी पुरे होतं. पण बसेल की तीच, असं कबऱ्याला वाटलं. कोण बघतंय, आणि आपणही बघितलं नाही असं म्हणू. तिनं नियम मोडावा म्हणून तो वाट बघत राहिला. तिनं काही तो मोडला नाही. ढकलत आणलेलं कोकरू सावलीपासून हातभरावर कलंडलं ते उठलंच नाही.

संध्याकाळी कबऱ्या तिच्याकडं जाऊन बसला. भिवरीच म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी आलात तरी, दादा. गरिबाच्या दारी एवढंही कोण येतं? पीस कुणाचं ते कळलं असतं, तर मी पाया पडून जागा मागितली असती."

"बघतो," कबऱ्या म्हणाला.

घरी तो जेवला नाही. सकाळी बायकोनं सांगितलं, भाऊ यायचाय. तेही त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. उन्हं डोक्यावर आली तसा तो उठला, भर उन्हातून कडुलिंबाखाली गेला आणि दातांत धरून पीस उपटलं. किती वर्षांचं ते, मुळासारखं रुतलेलं होतं. मग ते घेऊन तो सावलीबाहेर आला आणि थांबला. आता हे ठेवायचं कुठं? जिथं ठेवील तिथली जागा जाणार. त्यामुळं ते तोंडातच राहिलं, आणि तोंडात पीस धरून कुणाला बस म्हणता येत नाही.

भिवरी उरलेलं कोकरू घेऊन आली होती. कबऱ्यानं मानेनं झाडाकडं खूण केली. ती एक पाऊल मागं सरली. त्याला वाटलं, तिला कळलं नसेल. तो दोन पावलं पुढं गेला. भिंतीच्या कडेला टेकलेली गाढवं धडपडून उठली, कोंबड्यांनी पिलं गोळा केली, आणि त्याच्या भोवतीचं रखरखीत अंगण बघता बघता रिकामं झालं. कोकरू तेवढं लटपटत सावलीकडं निघालं होतं. भिवरीनं त्याचा कान दातात धरून त्याला मागं ओढलं, चारी पाय फाकून त्याच्यावर उभी राहिली, आणि आपल्या पोटाखाली जेवढी सावली पडली होती तेवढ्यात त्याला घेऊन, कबऱ्यासमोर मान लववून, तशीच उन्हात थांबली.